टोमॅटो-ढोबळीसाठी कमी विजेची थंड खोली: मशीन सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढं रान आहे. टोमॅटो, शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आणि कडेला थोडी मेथी-कोथिंबीर. एका तोड्याला साधारण टनभर माल निघतो. भाव पडला की दोन-चार दिवस थांबता यावं म्हणून तो गार ठेवायचाय. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तीही आठ तास. हातात तीन लाख आहेत. विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष, एसी लावलेली खोली, सोलरचं तयार शीतगृह आणि व्हिडिओत बघितलेला 'उन्हावर चालणारा बिनविजेचा फ्रीज', या चारांतलं काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी मिरजेत असतो. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बेदाण्याच्या आणि द्राक्षाच्या शीतगृहांची मशिनरी बसवणं आणि सांभाळणं हे माझं रोजचं काम. माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या, छोट्या खोल्याही बऱ्याच केल्यात. तुम्ही मशीन कोणतं म्हणून विचारलंय, पण त्याआधी मालातून किती उष्णता काढायचीय, कोणत्या वेळेला काढायचीय आणि काढल्यावर ती परत आत येऊ नये म्हणून काय करणार, हे ठरवावं लागतं. एवढं ठरलं की मशीन आपोआप ठरतं आणि बहुतेक वेळा मनात होतं त्यापेक्षा लहान निघतं.

आधी पिकाचं बघू. टोमॅटोला १२-१३ अंश पुरतात. १० च्या खाली गेला की कच्च्या टोमॅटोला रंग चढत नाही, साल खड्डे पडल्यासारखी होते आणि बाहेर काढल्यावर माल पटकन सडतो. ढोबळीला ७ ते १० चांगले, पण १२ ला ती चार दिवस सहज निभते. मेथी-कोथिंबिरीला खरं तर शून्याच्या आसपास लागतं आणि टोमॅटोशेजारी ती ठेवूच नये. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो, त्यानं पालेभाजी पिवळी पडते. म्हणजे तुमच्या मुख्य मालाला १२-१३ अंश हवेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. द्राक्षासारखं शून्यावर जायचं असतं तर तीन लाखांत बोलणंच अवघड होतं.

आता टनभर टोमॅटोचा हिशोब. मे महिन्यात दुपारी तोडलेला टोमॅटो आतून ३४-३५ अंश असतो. तो १३ वर आणायला जवळजवळ २३ युनिट उष्णता काढावी लागते. (इथं आणि पुढंही युनिट म्हणजे मीटरवरचंच, पण उष्णतेचं. त्या कामाला लागणारी वीज याच्या निम्म्याहून कमी असते.) तोच टोमॅटो पहाटे तोडला तर २२ अंश असतो आणि १० युनिटांत काम होतं. निम्म्याहून जास्त काम फक्त तोड्याची वेळ बदलून झालं. मजूर पहाटे येत नाहीत, बायका घरचं आवरून आठ-नवाला येतात, हे मला माहीत आहे. दव असताना ओला माल तोडला तर रोग पसरतो, तेही खरं. म्हणून मधला मार्ग सांगतो. सकाळी लवकरात लवकर तोडा, क्रेट क्षणभरही उन्हात ठेवू नका, आणि माल थेट थंड खोलीत न टाकता आधी ओल्या शेडमध्ये रात्रभर निववा. इथं तुमचा पहिला पर्याय कामाला येतो.

विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष दिल्लीच्या पुसा संस्थेत, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, १९८० च्या दशकात तयार झाला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू, सकाळ-संध्याकाळ वाळूला पाणी, वर वाळ्याचं किंवा पेंढ्याचं ओलं झाकण. मूळ आराखड्यात साधारण १०० किलो माल बसतो. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की सुमारे ०.६७ युनिट उष्णता गेली, तीही विजेशिवाय. आत ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास राहतो, त्यामुळं माल सुकत नाही.

पण याची एक हद्द आहे आणि ती कुणी व्हिडिओत सांगत नाही. वाफेनं मिळणारा गारवा ओल्या थर्मामीटरच्या आकड्याखाली जाऊ शकत नाही. हा आकडा तुम्ही घरीच काढू शकता. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला सुती चिंधी गुंडाळा, ती भिजवा, पंख्यासमोर पाच मिनिटं धरा आणि वाचा. मेमध्ये वडूजला ४० अंश असेल आणि हवेत २० टक्के ओलावा असेल तर हा आकडा २२ च्या आसपास येईल. म्हणजे शीतकक्षात २४-२५ मिळतील, बाहेरपेक्षा १५ अंश कमी. हे फार मोलाचं आहे, कारण तापमान १० अंशांनी उतरलं की भाजीचा श्वसनाचा वेग निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. जुलैत मात्र हवा २७ अंश आणि ओलावा ८५ टक्के असला तर तोच आकडा २५ येतो. सगळी धडपड करून दोन अंश मिळाले. म्हणून माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ या कोरड्या भागात उन्हाळ्यात हा कक्ष उत्तम. पाटण-महाबळेश्वरकडं पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. आणि बेदाणा, कांदा, हळद, लसूण यांच्या जवळपासही ओला कक्ष नको, त्यांना कोरडी हवा लागते.

टनभर मालाला असे दहा कक्ष बांधू नका. त्याऐवजी एक उघडं शेड घ्या. दोन्ही बाजूंनी गोणपाट किंवा वाळ्याचे पडदे, वरून ठिबकची जुनी नळी, आणि एका टोकाला हवा ओढणारा साधा पंखा. क्रेट एकावर एक, पण दोन रांगांत हात जाईल एवढी फट. संध्याकाळी पडदे भिजवून पंखा लावला की सकाळपर्यंत माल २४ अंशांवर येतो. पाणी खारं असेल तर पडद्यावर क्षार बसतात, ते महिन्याला धुवावे लागतात. क्रेटही ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुतलेले हवेत, कारण ओलाव्यात बुरशी लगेच धरते. मेथी-कोथिंबिरीसाठी मात्र १०० किलोचा एक पुसाचा कक्ष वेगळा बांधाच. एक-दोन दिवसांचं काम त्यावर भागेल.

आता खोली. तुमच्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग भिंतींवर जाऊ द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. १० फूट बाय १० फूट, उंची ८ फूट अशी खोली धरा. टनभर क्रेट त्यात सुटसुटीत बसतात. नऊ इंची विटांच्या साध्या खोलीत, बाहेर दिवसरात्रीची सरासरी ३१ आणि आत १३ ठेवायचे म्हटलं, तर भिंती-छत-जमिनीतून दिवसाला ४० युनिटांच्या आसपास उष्णता आत येते. त्याच खोलीला ८० मिलिमीटरचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये कडक फोम भरलेलं) लावलं तर ६ युनिट. आयुष्यभर दररोज ३४ युनिट उष्णता काढायची, की एकदाच पॅनेल लावायचं? पैसे कमी पडत असतील तर जुन्या खोलीला आतून चार इंच थर्माकोल लावा, दोन-दोन इंचांचे दोन थर, पहिल्या थराच्या सांध्यावर दुसऱ्याचा सांधा येऊ न देता. पफपेक्षा थोडं कमी, पण चालतं. छताला जास्त जाडी द्या आणि पत्र्यावर चुना मारा. उसाचं पाचट किंवा भुसा भरून भिंती करा असंही कुणी सुचवेल. गारवा धरतो, पण उंदीर, ओल आणि आग या तिन्हींची भीती राहते. मी करत नाही.

थर्माकोल लावताना प्लॅस्टिकचा जाड कागद बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा. हे बारीक वाटतं, पण खोली टिकते की नाही ते इथंच ठरतं. बाहेरच्या दमट हवेतली वाफ थंड बाजूकडं ओढली जाते आणि मध्येच पाणी होऊन बसते. एका ठिकाणी दुरुस्तीला गेलो तेव्हा भिंतीचा प्लाय काढला तर थर्माकोलचे तुकडे हातात जड लागत होते. दाबले की पाणी ठिबकत होतं आणि मागची भिंत काळी बुरशी धरलेली. मालक दोन वर्षं एसीला दोष देत होता, गॅस भरून घेत होता. एसीत काही बिघाड नव्हता.

दार तेवढंच महत्त्वाचं. दाराचं रबर तपासायला आत जाऊन दार लावून घ्या, बाहेरच्या माणसाला चौकटीवरून बॅटरी फिरवायला सांगा. आत जिथं उजेड दिसेल तिथून थंडावा जातोय. दाराला आतून उघडणारी कडी असल्याशिवाय हे करू नका. कडी नसेल तर ती आधी बसवा, माणूस आत अडकण्याची जोखीम कुठल्याच खोलीत ठेवायची नाही. दारावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा.

मशीन आता येतं. १३ अंशांसाठी दीड टनाचा एसी पुरतो. फक्त बाजारातला एसी १६ च्या खाली उतरत नाही, म्हणून बाहेरून एक डिजिटल थर्मोस्टॅट लावून त्याला पुढं चालवावं लागतं. त्याबरोबर कॉइलच्या पातळ पत्र्याच्या पात्यांवर दुसरा सेन्सर हवाच. ही पाती शून्याला आली की कॉम्प्रेसर थांबला पाहिजे आणि ब्लोअर चालू राहिला पाहिजे, नाहीतर कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा अडते. अमेरिकेत छोट्या शेतकऱ्यांसाठी नेमक्या या कामाचा कंट्रोलर तयार मिळतो. आपल्याकडं चांगला फ्रीज-एसी मेकॅनिक सुटे भाग घेऊन तो जमवतो. यासाठी इन्व्हर्टर एसीपेक्षा साधा, एका वेगाचा एसी सोपा पडतो, कारण इन्व्हर्टरचा कार्ड स्वतःचं डोकं चालवतो आणि बाहेरचा थर्मोस्टॅट मानत नाही. एसी हवा सुकवतो, ढोबळी चुरमटते. म्हणून जमिनीवर पाणी मारा किंवा ब्लोअरसमोर ओलं गोणपाट टांगा. रोज सकाळी दहा मिनिटं दार उघडून हवा बदला.

वीज किती? ओल्या शेडमधून २४ अंशांवर आलेला टनभर माल आत आला, तर त्याची १२ युनिट, भिंतींची ६, आणि दार-ब्लोअर-मालाचं श्वसन मिळून ४ धरा. २२ युनिट उष्णता. या तापमानाला एसी एका युनिट विजेत साधारण अडीच युनिट उष्णता काढतो. म्हणजे माल भरला त्या दिवशी ९ युनिट वीज, आणि नुसतं धरून ठेवायच्या दिवशी ४.

आठ तासांच्या लाइटचं काय, हा तुमचा खरा काळजीचा मुद्दा. त्यासाठी बॅटरी घेऊ नका. एकदा १३ वर आलेला टनभर टोमॅटो हा स्वतःच थंडाव्याचा हौद असतो, तो दोन अंशांनी तापायला २ युनिटांहून जास्त उष्णता लागते. रात्री बाहेर २४ अंश असताना पफच्या खोलीत दहा तासांत भिंतींतून दीड युनिट येतं, मालाच्या श्वसनाचं अर्धं. म्हणजे रात्रभर लाइट नसली तरी सकाळी खोली १५ वर असेल. चालेल. साध्या विटांच्या खोलीत हाच खेळ दोन तासांत संपतो.

आणखी एक. खोली रानात बांधायची की वस्तीवर, ते आधी ठरवा. गावठाण फीडरवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या लाइनवर, सिंगल फेज लाइट जवळजवळ दिवसभर असते आणि दीड टनाच्या एसीला सिंगल फेजच लागते. पंपाच्या कनेक्शनवरून एसी चालवू नका. मंजूर कारणाशिवाय वीज वापरली म्हणून वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. शेतमालाच्या प्रीकूलिंग (साठवण्याआधी माल गार करणं) आणि शीतगृहासाठी महावितरणच्या दरपत्रकात 'कृषी – इतर' असा वेगळा वर्ग आहे, त्यात अर्ज करा.

सोलर हवाच असेल तर ३ किलोवॅटचे पॅनेल उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी १२ युनिटांपर्यंत देतात. तुमची गरज भागते आणि ऊन असतानाच एसी चालवून माल थंड करून घ्यायचा, रात्र मालावर काढायची. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं, पण तेव्हा बाहेरचं तापमानही कमी असतं. सोलरचं तयार शीतगृह हे वेगळं प्रकरण. पुण्यात तयार होणारी ५ टनी खोली मी चालू बघितली आहे आणि ती चांगली आहे. त्यात बॅटरीऐवजी गोठवलेल्या द्रवात थंडावा साठवतात. यामागचं गणित सुंदर आहे. १०० किलो बर्फ वितळताना सुमारे ९ युनिट उष्णता खातो, आणि पाणी बॅटरीसारखं चार-पाच वर्षांत मरत नाही. पण बर्फ करायला मशीन शून्याच्या बरंच खाली चालवावं लागतं, साधा एसी ते करू शकत नाही, त्याला शीतगृहाचा कॉम्प्रेसर लागतो. एकट्याच्या एका टनाला हे महाग आहे. चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा उत्पादक कंपनीनं मिळून घ्यायची ही वस्तू. एकात्मिक फलोत्पादन अभियानात अशा कामांना बँक कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळतं, सर्वसाधारण भागात ३५ टक्के, आणि २०२० पासूनच्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्याशिवाय एक वीटही लावू नका. आधी बांधलं तर अनुदान अडकतं.

राहिला बिनविजेचा फ्रीज. तो खोटा नाही. अमोनिया आणि पाण्याच्या जोडीवर उष्णता देऊन थंडावा करायचं यंत्र फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये आणलं. पुढं १९२२ मध्ये स्वीडनमधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एकही हलता भाग नसलेला फ्रीज केला, तो इलेक्ट्रोलक्सनं विकला. आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनाही अशाच फ्रीजचं पेटंट १९३० मध्ये मिळालं होतं. आवाज नाही, झिजायला काही नाही. पण एक युनिट उष्णता दिली की छोट्या यंत्रात पाव युनिटाच्या आसपासच थंडावा मिळतो, मोठ्या प्लांटमध्ये पाऊण युनिटाच्या आत. उन्हावर तुमची टनभराची खोली चालवायची तर आरशांनी आणि नळ्यांनी अंगण भरेल. शिवाय अमोनिया गळला तर डोळे-छाती जाळतो, तो घरगुती माणसानं हाताळायचा वायू नव्हे. आपल्या भागात हे तंत्र शोभतं ते साखर कारखान्यात, जिथं वाया जाणारी वाफ आहे. तिथंही अडचण अशी की गळीत हंगाम हिवाळ्यात चालतो आणि थंडाव्याची ओढ एप्रिल-मेमध्ये लागते. पेल्टियर चकत्यांचे (वीज दिली की एका बाजूनं गार होणाऱ्या) छोटे डबेही तुम्हाला कुणी दाखवेल. औषधाच्या डब्यापुरते ठीक, माळव्याला नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी खटावला रात्र १३-१५ अंशांवर उतरते, तेव्हा एसीची गरज फारच थोडी. खोलीला खाली एक आणि वर एक झडपेची खिडकी ठेवा, वरच्या खिडकीत पंखा. मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा ओढून घ्या, सूर्य उगवायच्या आत दोन्ही झडपा घट्ट बंद करा. हिवाळ्याचे हे चार महिने बिल नावापुरतं येतं.

पैशाच्या अपेक्षेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा तो कधी कधी तीन-तीन आठवडे पडलेला राहतो. चार दिवस थांबून ती मंदी टळत नाही. खोलीचा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. बाजार बंद असेल त्या दिवशी माल सडत नाही, दोन तोडे एकत्र करून गाडी भरते, वाशीला पोहोचेपर्यंत माल ताठ राहतो आणि पट्टीत, म्हणजे अडत्याच्या विक्रीच्या हिशोबात, 'नरम माल' म्हणून कापलं जात नाही. वर्षभराच्या जुन्या पट्ट्या काढा आणि यातलं किती नुकसान झालं ते जोडा. ते खोलीच्या खर्चाच्या मानानं फारच कमी असेल तर तूर्त फक्त ओलं शेड आणि कोथिंबिरीचा कक्ष करा. त्याला तीन लाखांतला छोटासा भाग पुरेल.

खोली बांधायचं ठरलं तर आधी हे करून इथं लिहा: पुढच्या तोड्याला पहाटे, अकराला आणि दुपारी तीनला टोमॅटोत थर्मामीटर खुपसून आतलं तापमान, त्याच दिवशी ओल्या चिंधीचा आकडा, आणि वस्तीवरची लाइट दिवसातून किती तास जाते ते. त्यावरून एसी दीड टनाचा पुरेल की दोन टनाचा लागेल आणि पॅनेल ८० मिलिमीटरचं घ्यायचं की १०० चं, हे मी नक्की सांगू शकेन.